शनिवारची मूठ

“कुणाच्या मनात कुणाविषयी काही अढी आहे का?” साहेबांनी नेहमीसारखं विचारलं आणि उत्तर येणार नाही हे गृहीत धरून आशीर्वादासाठी हात वर केला. तो हात तसाच वर राहिला, कारण मागच्या सतरंजीवरून रतनसिंग राठोड उठून उभे राहिले होते.

“हाय,” ते म्हणाले. “माझ्या मनात हाय. तुमच्याविषयी.”

सेनगावचं आमचं चर्च ते केवढं! एक लांबट खोली, वर पत्रे. पण त्या खोलीत अशी शांतता पसरली की रस्त्यावर हिंगोलीची जीप भरणाऱ्या माणसाची हाळी आत स्पष्ट ऐकू आली. मी बायकांच्या बाजूला पुढे बसले होते. उपासनेत मान वळवून मागे पाहणं पाळकाच्या बायकोला शोभत नाही, पण मी वळवली. रतनसिंग फेटा काढून हातात घेऊन उभे होते. आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

“आज न्हाई बोललो तर तुमी गाव सोडून जाताल अन् माझं पोटातच राहीन,” एवढं बोलून ते खाली बसले. साहेबांनी हात खाली घेतला. त्या दिवशी आशीर्वाद न घेताच मंडळी घरी गेली, आणि असं मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

साहेब म्हणजे माझे यजमान, पाळक जळबा खंदारे. हट्टा गावच्या काळ्या मातीतला माणूस. पाळक झाले तेव्हा शास्त्रातलं एखादं नाव घ्या असं त्यांना वरिष्ठांनी सुचवलं होतं. हे म्हणाले, आई ज्या नावानं हाक मारायची त्याच नावानं देवही बोलावील, त्याला अडचण वाटली तर तो मला तसं सांगेल. नाव जळबाच राहिलं. मी करुणा, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होते, आता निवृत्त. नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करू नये असं म्हणतात, पण मला ते कधी जमलं नाही. मला या माणसाचा अभिमान आहे आणि ही गोष्टही मी त्याच अभिमानानं सांगते आहे.

रतनसिंगांच्या त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी का पळालं, ते आमची रीत माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या मंडळीत प्रत्येक घरची बाई रोज भाकरी थापायच्या आधी एक मूठ ज्वारी देवाच्या नावानं बाजूला टाकते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एक भाकर वाटून खायची. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या साठवणीतली एक मूठ घराघरांतून आमच्या ओसरीवरच्या पितळी घंगाळात येऊन पडते. बाकीची ज्वारी ज्याला गरज असेल त्याच्या घरी जाते. घंगाळातली ज्वारी मी दळून आणते आणि तिची एकच मोठी भाकर भाजते. रविवारी साहेब ती भाकर मोडतात आणि सगळ्यांना देतात. शहरातल्या चर्चमध्ये पाव असतो, कुठे पातळ पापडीसारखं काहीतरी असतं. आमच्याकडे ज्वारीची भाकर.

ही रीत साहेबांनी घातली. पहिल्या काळातली मंडळी भाकर हातात घेऊन म्हणायची की डोंगरांवर विखुरलेलं धान्य जसं गोळा होऊन एक झालं तशी देवानं आपली माणसं गोळा करावीत, हे त्यांनी तरुणपणी कुठेतरी वाचलं होतं. त्यांचे डोंगर कोणते ते आपल्याला काय माहीत, साहेब म्हणायचे, पण आपले माळ आपल्याला माहीत आहेत. सेनगावच्या कडेचं रान, तांड्याचा माळ, धरणाखालची पट्टी, सगळीकडची ज्वारी त्या घंगाळात एक होते आणि मग कुणाची कुठली ते सांगता येत नाही.

त्याच जुन्या शिकवणीतून त्यांनी दुसरी गोष्ट उचलली, आणि तिनं आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. भावाशी भांडण असेल तर आधी ते मिटव, मग प्रभुभोजनाच्या मेजाशी ये, असं शास्त्रात आहे. बाकीचे पाळक ते ज्याच्या त्याच्या मनावर सोडतात. साहेबांचं म्हणणं असं, की भाकर जर एक आहे तर एकाचं अडलं म्हणजे सगळ्यांचं अडलं. म्हणून प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी ते सगळ्यांसमोर विचारतात. कुणी हो म्हणालं आणि शनिवारपर्यंत मिटलं नाही, तर भाकर कुणासाठीच मोडायची नाही. एकदा दोन जावा एका कोंबडीवरून अबोला धरून बसल्या आणि पेरण्यांपासून दिवाळी येईपर्यंत मंडळीला प्रभुभोजन मिळालं नाही. शेवटी म्हाताऱ्यांनी त्या दोघींना असं भंडावून सोडलं की एकीनं कोंबडी कापून दुसरीला जेवायला बोलावलं. तेव्हापासून शनिवारी स्टँडवरच्या हॉटेलात आमचे लोक दोघं दोघं कडू तोंडं करून चहा पिताना दिसतात. हॉटेलवाला त्यांना साखर जास्त घालतो.

आणि आता ज्याच्याशी वाकडं होतं तो माणूस म्हणजे खुद्द साहेब. येत्या रविवारी त्यांचं शेवटचं प्रभुभोजन होतं. त्यानंतर निवृत्ती, आणि आम्ही दोघं हट्ट्याला. नांदेडहून आमच्या विभागाचे अध्यक्ष येणार होते, निरोप समारंभ ठरला होता. शनिवारपर्यंत मिटलं नाही तर या माणसाला आयुष्यभराच्या सेवेतली शेवटची भाकर न मोडता जावं लागणार होतं, आणि तेही स्वतःच घातलेल्या नियमामुळे.

रतनसिंगांच्या मनात काय होतं ते त्यांनी त्याच दुपारी चर्चच्या अंगणात सांगितलं. “रूपाच्या मातीला तुमी बायायला गप केलं,” ते म्हणाले आणि सायकल घेऊन तांड्याकडे निघून गेले.

रूपाबाई म्हणजे त्यांची बायको. पावसाळ्यात वारली. दोघांनी खूप वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता, पण बाकीचा बंजारा तांडा आपल्या देवांना मानणारा, आणि रूपाबाईवर सगळ्या तांड्याचा जीव. मातीला तांड्यातल्या बायका आल्या. त्यांची रडायची एक पद्धत असते. एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर धरून त्या रडतात, आणि गेलेल्या माणसाची एकेक गोष्ट त्या रडण्यात येते. त्यांनी नुकता सूर धरला होता, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. आपण मेल्यावर पुन्हा उठण्याची आशा असलेले लोक आहोत, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडायचं नाही, असं त्यांनी शास्त्राच्या आधारानं सांगितलं, आणि गीत सुरू केलं. बायका गप्प झाल्या. घरी आल्यावर साहेब म्हणाले होते, किती शांतपणे झालं सगळं. मीही हो म्हणाले होते.

त्यानंतर रतनसिंग उपासनेला येत, पण प्रभुभोजनाच्या आणि विचारणीच्या रविवारी ते हटकून गैरहजर असत. शनिवारी त्यांच्या घरची मूठ येत नसे. घरात बाईमाणूस गेलं, सून संगिता बाळंत झालेली, राहून जात असेल, असं आम्ही धरून चाललो.

सोमवारी दिपक वाढवे आले. ते मंडळीचे पंच आहेत, तहसीलमध्ये नोकरीला, प्रत्येक अडचणीतून वाट काढायची सवय असलेले. ते म्हणाले, साहेब, नियम तुमचाच आहे, शेवटच्या वेळी सैल करायलाही तुम्हीच मोकळे आहात. तेही नको असेल तर भाकर अध्यक्षसाहेब मोडतील, तुम्ही शेजारी नुसते उभे राहा. साहेबांनी दोन्हीला नाही म्हटलं. मग रतनसिंगला भेटून टाका, दिपक म्हणाले, दोन शब्द बोलायचे, विषय संपला.

“कोणते दोन शब्द?” साहेबांनी विचारलं. “मी चुकलो असं मला वाटत न्हाई. शास्त्रात आहे तेच बोललो. मेजासाठी खोटी माफी मागू का?”

खरी अडचण ही होती. माणूस हट्टी आहे, ते मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. पण हट्टापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नाही. मनातून पटल्याशिवाय ते माफी मागणार नाहीत आणि नियमही मोडणार नाहीत, म्हणजे शेवटची भाकर गेल्यातच जमा होती. मी दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते काही म्हणाले नाहीत.

साहेबांची प्रार्थना म्हणजे नावं. पहाटे अंगणात येरझाऱ्या घालत ते मंडळीतल्या माणसांची नावं घेतात. चर्चपासून सुरुवात करून रस्त्यानं जशी घरं लागतात तशी. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाची दारू, सगळं देवाच्या कानावर घालतात. मी आत चूल पेटवता पेटवता ऐकते, त्यामुळे मंडळीत कुणाचं काय चाललंय ते मला घरोघर न फिरताही कळतं. त्या आठवड्यात रोज ती प्रार्थना तांड्यापाशी येऊन अडू लागली. “रतनसिंग,” एवढं म्हणायचे आणि पावलं थांबायची. पुढे काय मागायचं तेच सुचत नसे. मग पुढच्या घराचं नाव न घेताच आत येऊन चहा मागायचे. मला ते ऐकवत नव्हतं. नावं घेणं हीच ज्याची प्रार्थना, त्याला एक नाव ओलांडता येईना.

शुक्रवारी दुपारी ते निरोपाच्या उपदेशाची तयारी करत बसले होते. मी तुरीचे दाणे सोलत होते. उपदेशाचा भाग ते नेहमी मोठ्यानं वाचतात, ऐकायला मी असले नसले तरी. निरोपासाठी त्यांनी आवडता भाग निवडला होता, कबरेत चार दिवस पडलेल्या मित्राला प्रभू उठवतो तो. मी तो त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल देव जाणे. त्या मित्राच्या बहिणी रडत येतात, त्यांच्यामागे शेजारीपाजारी रडत येतात, ते पाहून प्रभूही रडतो. तिथपर्यंत साहेब आले आणि थांबले.

मला वाटलं चष्मा पुसत असतील. पाहिलं तर पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं आणि ते भिंतीकडे बघत होते. कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद करून आले, तरी तसेच.

“करुणा,” ते म्हणाले, “घटकाभरानं आपण याला उठवणार, हे त्याला ठाऊक होतं.”

“हो.”

“ठाऊक असून तो त्यांच्यासोबत रडला. त्यानं त्यांना आशेचं ज्ञान सांगून गप नाही केलं.” मग म्हणाले, “रूपाबाईला मी उठवणार होतो काय? मला कसली एवढी घाई होती?”

त्यांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं, आणि सकाळी तांड्यावर जायचं म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी जीपनं आम्ही फाट्यावर उतरलो आणि माळावरच्या तांड्याकडे चालत गेलो. तुरी काढणं चालू होतं. रतनसिंग अंगणात तुरीच्या पेंढ्या झोडपत होते. आम्हाला पाहून त्यांनी काठी ठेवली, बाज टाकली, सलाम केला आणि बसा म्हणाले. साहेब बसले नाहीत. उन्हात उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं की मी चुकलो, रूपाबाईच्या मातीला मी बायकांना रडू दिलं नाही, मला माफ करा. एवढंच. शास्त्राचा एक शब्द मधे आणला नाही. शब्दांवर पोट असलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

रतनसिंगांनी खाली सांडलेली तूर हातानं ढिगाकडे सारली.

“मला काहून मागता साहेब?” ते म्हणाले. “त्या दिशी मी तर आतून वाळून गेलतो. मला रडू येतच नव्हतं. म्हणलं, बाया रडतीन, माझ्या वाटचं बी त्याच रडतीन. अन् तुमी हात वर केला.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण डोळे कोरडेच होते. “माझं जाऊ द्या. रुख्मिणीला मागा. रूपाची थोरली बहीण हाय ती. तिनं कडेवर घेऊन वाढवली रूपाला. त्या दिवसापून ती बोलून न्हाई राहिली कोनाशी.”

मी साहेबांकडे पाहिलं. रुख्मिणीबाई आमच्या मंडळीतली नव्हती. दर महाशिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाणारी बाई. मंडळीतल्या माणसाची अढी मिटली म्हणजे नियम पुरा झाला, असं म्हणून साहेबांना तिथूनच परतता आलं असतं, आणि दिपक तर नक्की म्हणाले असते. साहेबांनी फक्त विचारलं, घर कोणतं?

ती दाराशी बसून ज्वारी निवडत होती. केस पिकलेले, हातात जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या बांगड्या कोपरापर्यंत, मागे भिंतीवर सेवालाल महाराजांचा फोटो. रतनसिंगांनी आम्ही का आलो ते सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

“तुमच्या देवाला रडणं चालत न्हाई म्हणं,” ती सुपातच बघत म्हणाली.

“चालतं बाई,” साहेब म्हणाले. “मलाच चाललं न्हाई.”

तेव्हा तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. साहेब तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसायचं म्हणजे त्यांना आधी हात टेकावा लागतो, मग एक पाय, मग दुसरा. ते सगळं तिनं पाहिलं. साहेब म्हणाले, तुमच्या बहिणीच्या मातीवर तुमचा हक्क होता, तो मी हिरावून घेतला. आज मातीपाशी चला. तुमच्या पद्धतीनं काय करायचं ते करा.

“आता रडू कुठून आणू?” रुख्मिणीबाई म्हणाली. “आटलं ते.”

“मग नुसत्या बसा. मी बी बसतो.”

सुपातला एक खडा काढून तिनं बाजूला टाकला, मग आणखी एक. शेवटी सूप सरकवून उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि शेजारच्या दोघीतिघींना हाका मारल्या. निघता निघता साहेबांना म्हणाली, “मी उठंस्तोवर तुमी उठायचं न्हाई.”

“न्हाई उठणार,” साहेब म्हणाले.

आमचं कबरस्थान गावाबाहेर आहे, बाभळी आणि दोन कडुलिंबं, बाकी मोकळं. रूपाबाईच्या मातीवर पावसानंतरचं गवत वाळून गेलं होतं. रुख्मिणीबाई डोक्याशी बसली. तांड्यातल्या बायका तिच्याभोवती, साहेब पायाशी, चपला काढून. रतनसिंग दूर लिंबाला पाठ लावून उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. ऊन चढलं. आता ही बाई रडणार नाही आणि आम्ही सगळे इथेच बसून राहणार, असं मला वाटू लागलं. साहेब हलले नाहीत.

मग तिनं हातानं वाळलं गवत बाजूला सारायला घेतलं, जसं एखाद्या पोरीच्या कपाळावरचे केस सारावेत तसं, आणि तिच्या गळ्यातून सूर निघाला. आधी बारीक. मग शेजारणीनं तिच्या गळ्यात हात टाकला, दुसरीनं टाकला, आणि तो सूर मोठा झाला. त्यांची बोली मला पुरती कळत नाही, पण कळलं तेवढं पुरे होतं. रूपा लहानपणी चिंचा चोरायची. रूपाला काट्याची भीती नव्हती आणि पाण्याची होती. रूपानं मार खाल्ला पण बहिणीचं नाव घेतलं नाही. रूपा लग्न होऊन याच तांड्यात आली, आणि दोघी बहिणी पुन्हा एका विहिरीवर पाणी भरू लागल्या. हे सगळं त्या मातीवर वाकून रुख्मिणीबाई सांगत होती आणि बायका उचलून धरत होत्या.

लिंबाखालून रतनसिंग केव्हा आले ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते साहेबांच्या शेजारी बसले होते, फेट्यात तोंड खुपसून, आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, एक शब्द काढला नाही. नुसते मान खाली घालून बसून राहिले, आणि त्यांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मी त्यांचे पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. लोक रडले असे ऐकले आहेत, लोक झोपले असेही. पण त्या दिवशी तोंड मिटून बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहताना मला वाटलं, याच्यासाठी मी माझं सगळं आयुष्य पत्र्याच्या घरात काढलं ते बरोबर केलं.

रुख्मिणीबाई उठली तेव्हा साहेबांचे पाय पार आखडले होते. त्यांना एकीकडून मी धरलं आणि दुसरीकडून रतनसिंगांनी.

दुपारनंतर ओसरीवरच्या घंगाळात मुठी पडू लागल्या. संगिता लेकराला कडेवर घेऊन आली, तिच्या घरची मूठ तिनं टाकली. तिच्या मागोमाग रुख्मिणीबाई पायरीशी आली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिनं त्यातली ज्वारी माझ्यापुढे धरली. “रूपाच्या नावची,” म्हणाली. मी घुटमळले. ती आमच्यातली नव्हती, आणि घंगाळातल्या ज्वारीची भाकर कशासाठी असते ते मला माहीत होतं. मी आत साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “शेतातलं पीक कधी विचारून एकत्र होतं का? घे.” मी घंगाळ पुढे केलं आणि तिनं मूठ उघडली. पीठ दळून आल्यावर मी त्याच पिठाची आणखी एक छोटी भाकर थापली. साहेबांनी तसं सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं.

रविवारी नांदेडहून अध्यक्षसाहेब आले. मंडळी नटून आली होती, शाल आणली होती, आणि झेंडूचा असा जाड हार की तो दोघांनी धरावा लागत होता. मेजाशी गेल्यावर साहेबांनी पुन्हा एकदा तो प्रश्न विचारला, खरं म्हणजे तशी रीत नव्हती. मंडळी गप्प. रतनसिंगांनी बसल्या जागेवरून मान हलवली. साहेबांनी भाकर दोन्ही हातांनी वर धरली, मोडली, आणि एकेकाच्या तळहातावर देत गेले. रतनसिंगांच्या हातावर तुकडा ठेवताना ते क्षणभर थांबले. मग पुढे गेले. मी तुकडा तोंडात घातला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ चावला.

मग सत्काराची गडबड सुरू झाली. अध्यक्षसाहेब शाल हातात घेऊन उभे राहिले, दोन तरुणांनी हार उचलला, आणि सत्कारमूर्तीच दिसेनात. दिपक त्यांना शोधायला म्हणून दाराबाहेर आले, मीही आले.

साहेब चर्चच्या बाहेरच्या पायरीवर बसले होते, पांढरा झगा तसाच अंगात. शेजारी रुख्मिणीबाई. ती सकाळपासून तिथेच बसून होती, आत आली नव्हती. प्रभुभोजनाचा मेज बाप्तिस्मा घेतलेल्यांचा, हे साहेबांना माहीत होतं आणि तिलाही कुणी सांगायची गरज नव्हती. पण पहिल्या काळातले लोक मेजानंतर बाहेर सगळ्यांबरोबर जेवत, हेही साहेबांना माहीत होतं. त्यांच्या हातात ती छोटी भाकर होती, फडक्यात बांधलेली, आणि वर ठेचा.

“साहेब, हार घेऊन थांबलेत आत,” दिपक म्हणाले.

“थांबू द्या,” साहेब म्हणाले. “भाकर कडक होईल.”

इतक्या वर्षांत भाकर कुणाच्याही हाती न देता ती स्वतःच मोडणारे माझे साहेब. त्यांनी फडकं सोडलं, भाकर तळहातावर घेतली, आणि मोडली नाही. ती रुख्मिणीबाईपुढे धरली. “तुमी मोडा,” म्हणाले.

तिनं हात ओढणीला पुसले आणि भाकर मोडली. अर्धी त्यांना दिली, अर्धी आपण घेतली, आणि आपल्या अर्ध्यातला तुकडा तोडून माझ्यापुढे केला. आत काय करावं ते न सुचून कुणीतरी गीत सुरू केलं होतं. मी पदर सावरला आणि त्या दोघांच्या खालच्या पायरीवर बसले.